शाळेचा दरवाजा आणि घरचा पत्ता

गेल्या जानेवारीत शाळांची नावनोंदणी सुरू झाली तेव्हा आमच्या मुलीचा फोन आला. धाकट्या नातीला यंदा किता अलेफमध्ये घालायचे आहे. त्यांच्या वस्तीला इरियाने जी शाळा नेमून दिली आहे तिच्यात इथिओपियन मुले पुष्कळ. मुलगी म्हणाली, "आई, अर्जावर तुझा पत्ता देऊ का? तुमच्या भागातली शाळा चांगली आहे. सगळेच असे देतात." आम्ही म्हटले, दोन दिवसांनी सांगतो. एवढ्याशा गोष्टीला दोन दिवस कशाला, असे तिला वाटले असेल. पण हा प्रश्न आमच्या घरात दुसऱ्यांदा येत होता, आणि पहिल्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते आजवर आम्हाला पचलेले नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आम्हाला वाचनाला सवड मिळते. अमेरिकेतल्या शाळांविषयीचे जुने खटले हा आमच्या वाचनाचा एक आवडता विषय. आम्ही वकील नव्हे, परिचारिका. तेव्हा कायद्याच्या कलमांपेक्षा त्यात अडकलेली माणसे आम्हाला अधिक दिसतात. काळ्या मुलांनी कोठे बसावे यावरून त्या देशाची न्यायालये शंभरावर वर्षे भांडत आहेत. त्या भांडणात आपल्यासारख्यांना स्वतःचा चेहरा दिसावा अशा काही जागा आहेत. त्या वाचकांपुढे ठेवाव्यात म्हणून हा लेख.

सुरुवात शाळेतून नव्हे, आगगाडीच्या डब्यातून झाली. लुइझियाना राज्यात गोऱ्यांचे डबे निराळे आणि काळ्यांचे निराळे असा कायदा होता. होमर प्लेसी नावाचा गृहस्थ गोऱ्यांच्या डब्यात बसला व पकडला गेला. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सोयी समान असतील तर वेगळे बसवण्यात अन्याय नाही. कोणाला त्यात हीनपणा वाटत असेल तर तो त्याच्या मनाचा खेळ, असा एकंदर सूर होता. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्यानेच विरुद्ध मत दिले. 'वेगळे पण समान' हे सूत्र मग शाळांनाही लागू झाले. प्रत्यक्षात समान कधीच नव्हते हे सांगायला नकोच.

आता आम्हाला सर्वात बोचणारा खटला सांगतो. मिसिसिपी राज्यातल्या रोझडेल गावी गाँग लम नावाचे एक चिनी किराणा दुकानदार होते. १९२४ साली त्यांची मुलगी मार्था गोऱ्यांच्या शाळेत गेली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिला सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नकोस. वडिलांनी दावा लावला. दाव्यात त्यांनी काळ्या मुलांना वेगळे बसवणे चूक आहे असे म्हटले नाही. आमची मार्था काळी नाही, तिला त्यांच्यात का घालता, असे त्यांचे म्हणणे होते. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की जी गोरी नाही तिला काळ्यांच्या शाळेत पाठवण्याचा राज्याला अधिकार आहे. लम कुटुंब अखेर ते राज्य सोडून शेजारच्या आर्कान्सास राज्यात गेले.

त्या बापाला आम्ही नावे ठेवत नाही. परक्या मुलखात मुलीसाठी त्याला जो दरवाजा दिसला तो त्याने ठोठावला. पण त्याच १९२७ साली, मार्च महिन्यात, आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात महाडला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. आम्ही लहानपणी अलिबागला शाळेत असताना ही हकीकत ऐकली होती. तेथे कोणी असे म्हटले नव्हते की अस्पृश्य ते दुसरे, आम्हाला तेवढे पाणी भरू द्या. तळे सर्वांचे आहे, असे म्हटले होते. एकाच वर्षातली ही दोन माणसे आम्ही अनेकदा शेजारी शेजारी उभी करून पाहिली आहेत. आपण बेने इस्राएल यांतल्या कोणाच्या बाजूचे?

प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक वेळा गाँग लमच्या बाजूचे. आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद होता, हे आजच्या मुलांना ठाऊकही नाही. बरेच झाले. पण आमच्या आजीला पक्के ठाऊक होते. अमक्या घरची सोयरीक नको, असे ती हळू आवाजात सांगे, आणि का ते विचारले तर, "ते आपल्यातले नव्हेत," एवढेच म्हणे. त्या घरचे लोक आमच्याच मशिदीत, आमच्याच मागच्या बाकावर बसून एलियाहू हन्नाबीचे नाव घेत होते. पुढे या देशात आल्यावर आपल्यालाच विचारण्यात आले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? १९६२ पासून आपल्या लग्नांसाठी आईची, आजीची चौकशी सुरू झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, कनेसेटमध्ये चर्चा झाली, आणि आपले नाव त्या नियमातून निघाले. त्यात आमचे एक चुलतसासरे होते. त्यांच्याविषयी पुढे सांगू.

तर १९५४ सालाकडे वळू. ज्याला ब्राऊन खटला म्हणतात तो एक खटला नव्हता. कॅन्सस, दक्षिण कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि डेलावेअर अशा चार ठिकाणचे दावे एकत्र ऐकले गेले, आणि राजधानी वॉशिंग्टनचा निकाल त्याच दिवशी लागला. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलची शाळा १८० मुलांसाठी बांधलेली, आणि आत साडेचारशेच्या वर काळी मुले. जादा वर्ग डांबरी कागदाच्या खोपटांत भरत. १९५१ च्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळा बंद पाडली. मोठ्यांनी तिला शिकवले असेल असे प्रथम आम्हालाही वाटले होते, पण नाही. मोठ्यांना तिने मागाहून सांगितले.

कॅन्ससमधले टोपेका मात्र निराळे होते. लिंडा ब्राऊनच्या घरापासून गोऱ्यांची शाळा सात गल्ल्यांवर होती, आणि तिला बस गाठून दूरच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. पण ती दूरची शाळा वाईट नव्हती. इमारत, पुस्तके, शिक्षकांच्या पदव्या सगळे जवळपास सारखे होते. म्हणून प्रश्न चोख उभा राहिला: सगळे समान असले तरी वेगळे बसवण्यात काही वाईट आहे काय? १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल वाचून दाखवला, की आहे. वेगळेपण हीच असमानता.

का, याचे उत्तर देताना न्यायालयाने मुलांच्या मनाला होणाऱ्या इजेकडे बोट दाखवले. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी काळ्या मुलांपुढे एक गोरी व एक काळी बाहुली ठेवून चांगली कोणती, वाईट कोणती असे विचारले होते, आणि बहुतेक मुलांनी चांगली म्हणून गोरी उचलली होती. हा प्रयोग वाचून कोणाचेही मन हलेल. तरी आमचे येथे थोडे निराळे मत आहे. अन्याय झाला की नाही हे मूल किती दुखावले त्यावर ठरवू लागलो, तर उद्या कोणी दाखवील की वेगळ्या वर्गातली मुले हसतखेळत आहेत, गुणही चांगले मिळवतात. मग काय वेगळा वर्ग न्याय्य होईल? वॉर्डात जो रोगी ओरडत नाही तो बरा आहे, असे नव्या मुली समजतात. जुनी सिस्टर आधी त्याच्याच खाटेकडे जाते. वेगळा दरवाजा मुलाला एक वाक्य सांगत असतो: तुझ्या शेजारी बसून आमचे मूल बिघडेल. हे वाक्यच खोटे आणि अपमानाचे आहे. ऐकणारे मूल रडो की न रडो, बोलणारा दोषी आहेच. आणि आत बसलेले गोरे मूलही ते वाक्य रोज ऐकतच मोठे होते. त्याला कोण तपासणार?

निकाल लागला, पुढे काय? १९५५ साली न्यायालयाने अंमलबजावणीबद्दल दुसरा हुकूम काढला. त्यात त्वरेने करा असेही होते आणि विचारपूर्वक करा असेही. लोकांनी त्यातला विचार घेतला आणि त्वरा सोडून दिली. दहा वर्षांनीही दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात दोनसुद्धा नव्हती. फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत आहे तिने तर १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, तिच्या फीला सरकारी मदतही मिळाली. काळी मुले पाच वर्षे घरी. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. तोवर सहा वर्षांचे मूल अकरा वर्षांचे झाले होते. ती पाच वर्षे कोणत्या हुकुमाने परत येणार होती?

१९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सला रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत गेली, ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. बाहेर आरडाओरडा करणारा जमाव सर्वांना आठवतो. आम्हाला त्या शाळेच्या आतला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. गोऱ्या आईबापांनी आपापली मुले काढून नेली, आणि रुबी वर्षभर एका शिक्षिकेपुढे एकटीच बसून शिकली. त्या आईबापांतले सगळेच काही रस्त्यावर उभे राहून ओरडत नव्हते. पुष्कळांनी नुसते मुलाचे बोट धरले आणि घरी नेले.

या बोट धरण्याला न्यायालय काय करणार? पुढे १९७१ साली मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळांत पाठवून मिसळ करण्याला मान्यता मिळाली. तेव्हा गोरी कुटुंबे शहराबाहेर राहायला जाऊ लागली होतीच. डेट्रॉइटच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने म्हटले, मग शहराबाहेरचे ५३ शाळा-विभागही योजनेत घ्या. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळले: बाहेरच्या विभागांनी स्वतः काही गुन्हा केल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्यांना ओढता येणार नाही. ब्राऊन खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला होता ते थरगुड मार्शल आता त्याच न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांचे मत हरलेल्या चारांत होते. २००७ साली तर सिॲटल आणि लुइव्हिल या शहरांना सांगण्यात आले की मिसळ करण्यासाठीसुद्धा एकेका मुलाचा वर्ण पाहून शाळा ठरवता येणार नाही. दरवाजावरची पाटी न्यायालयाने काढली. पण ज्याने त्याने आपला पत्ता बदलला, तर त्याला कोणते कलम लावणार?

हे सगळे अमेरिकेचे, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. आपल्या बगात्सपुढे इमानुएल गावच्या बेथ याकोव्ह मुलींच्या शाळेचे प्रकरण आले होते. ही सरकारी पैशावर चालणारी शाळा. २००७ साली तिच्यात हसिदी मुलींसाठी वेगळा विभाग निघाला; त्यात बहुतेक अश्केनाझी मुली, आणि दुसरीकडे बहुतेक सेफार्दी. आवारात कुंपण घातले गेले, त्यावर कापड लावले, मधल्या सुट्टीच्या वेळा निराळ्या. वेगळ्या विभागाच्या नियमांत प्रार्थना अश्केनाझी उच्चाराने करावी असाही एक नियम होता. आपली बापदाद्यांची प्रार्थना ज्या उच्चाराची, तो उच्चार तेथे चालला नसता! पालकांचे म्हणणे, हा वंशाचा प्रश्नच नव्हे, धर्मनिष्ठेचा आहे. आमच्या विभागात काही सेफार्दी मुलीही आहेतच की. ऑगस्ट २००९ मध्ये न्यायमूर्ती एडमंड लेवी यांनी निकाल दिला की हा भेदभावच आहे. लेवी स्वतः धार्मिक गृहस्थ, जन्म बसऱ्याचा. पालकांनी ऐकले नाही, तेव्हा जून २०१० मध्ये बापांना तुरुंगात पाठवण्यात आले, आणि हजारोंचे मोर्चे निघाले. शेवटी तडजोड झाली: शाळेचे वर्ष संपायला राहिलेले तीन दिवस सर्व मुली एकत्र बसल्या. त्यानंतर त्या पालकांनी सरकारी पैसा सोडून आपली वेगळी शाळा काढली.

तीन दिवस! आम्ही ते वर्तमानपत्र बरेच दिवस ठेवले होते.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की मग माझगावच्या आपल्या शाळेचे काय? १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. तिचा आपल्याला अभिमान आहे. तोही वेगळेपणाच नव्हे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आपल्या पोरांना दोन अक्षरे हिब्रू यावीत म्हणून चूल वेगळी मांडणे निराळे आणि शेजाऱ्याची सावली नको म्हणून मांडणे निराळे, असे आम्हाला वाटते. माझगावच्या शाळेत पुढे इतरांची मुले आली, आणि आज तर तेथे शिकणारी मुले बहुतेक सारी इतर धर्मांची आहेत. पण हा फरक भिंतीकडे पाहून कळत नाही, हेही खरे. इमानुएलचे बापही मनापासून हेच सांगत होते की आम्ही फक्त आपली चूल सांभाळतो. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आम्ही कशाला सांगावे? आमच्या मनात काय होते तेवढे सांगतो.

१९९१ च्या मे महिन्यात छत्तीस तासांत चौदा हजारांवर इथिओपियन यहुदी विमानांनी आले. त्यांतली काही कुटुंबे आमच्या दक्षिणेकडच्या गावात, आमच्याच इमारतीत राहायला आली. पुढच्या वर्षी आमची मुलगी किता अलेफला जायची होती. गानमध्ये पालकांची कुजबुज सुरू झाली: शाळेची पातळी खाली जाणार. एकीने आपले मूल काढले, मग दुसरीने. आम्ही नणंदेचा पत्ता देऊन मुलीला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातले. त्याच दिवसांत रात्रपाळीला आम्ही याच लोकांची बाळे मांडीवर घेऊन दूध पाजत होतो, आणि स्वतःला फार मोठ्या मनाचे समजत होतो. वरच्या मजल्यावरची बाई, जिची मुलगी आमच्या मुलीबरोबर जिन्यात खेळे, तिने मोडक्या हिब्रूत विचारले, "दोघी बरोबर जातील ना?" आम्ही सांगितले की मुलीची आत्या तिकडे राहते म्हणून तिकडची शाळा सोयीची. खोटे नव्हते. खरेही नव्हते.

ते चुलतसासरे तेव्हा हयात होते. एका शाबाथला आले असता त्यांनी विचारले, "सूनबाई, पोरीची शाळा एवढी लांब का केलीस?"

"तिकडे शिक्षण चांगले आहे, काका. तिच्या भल्यासाठीच."

काका चहा पीत राहिले. मग म्हणाले, "चौसष्ट साली आमची चौकशी करायचे तेही सगळ्यांच्या भल्यासाठीच म्हणत."

पुढे १९९६ साली इथिओपियन लोकांनी दिलेले रक्त एड्सच्या भीतीने, त्यांना न सांगता फेकून दिले जात होते, हे उघडकीला आले. आम्ही घरी येऊन संतापाने बोलत होतो. यजमान म्हणाले, "अगं, रक्ताचे कळले. आणि आपण शाळेचा अर्ज भरला होता, ते?" तेव्हा आम्हाला त्यांचाच राग आला होता.

आईने आपल्या मुलाचे भले पाहू नये काय? पाहावेच. मूल म्हणजे तत्त्वासाठी द्यायचे बलिदान नव्हे. ज्या शाळेत खरोखर शिकवतच नाहीत तेथून एखाद्या आईने मूल काढले तर तिला आम्ही कधी दोष देणार नाही, मग ती आई कोणत्याही रंगाची असो. पण आमची गोष्ट तशी नव्हती. शाळा खाली गेली म्हणून मुले काढली, असे आम्ही सारे सांगत असू. वर्षे जोडून पाहिली तर मुले काढली गेली म्हणून शाळा खाली गेली. एका सिस्टरने एकदा हात धुतले नाहीत तर बहुधा काही होत नाही. प्रत्येकीने तसेच म्हटले की वॉर्डात जंतू पसरतात, आणि चौकशीत कोणाचेच नाव सापडत नाही. प्रत्येक मोरीपाशी इन्स्पेक्टर उभा करता येत नाही, तसा प्रत्येक अर्जापाशी न्यायाधीश.

दोन दिवसांनी मुलीला फोन करून सांगितले, आमचा पत्ता देऊ नकोस. आधी तुमच्या वस्तीतली शाळा आत जाऊन पाहा, शिक्षिकांशी बोल, मग ठरव. ती फार चिडली. "तू माझ्यासाठी केलेस, मग माझ्या मुलीसाठी का नाही?" आम्ही म्हटले, केले म्हणूनच. यावर ती काही बोलली नाही. आम्हालाही आणखी सांगण्यासारखे सुचले नाही. तिच्या जागी वयाच्या तिशीत आम्हाला कोणी असे सांगितले असते तर आम्ही ऐकले नसते.

शुक्रवारी ती नेहमीप्रमाणे मुलांना घेऊन जेवायला आली. भांडी विसळताना म्हणाली, शाळा पाहून आले, इमारत जुनी आहे, पहिलीची बाई चांगली वाटली. जावयांचे मात्र म्हणणे आहे की त्यांच्या आईचा पत्ता द्यावा. अर्जाची मुदत संपायला तेव्हा चार दिवस होते.